सरजामायच्या घरचं जेवण

निघायच्या आदल्या दिवशी अश्वजितनं मला दोन कामं सांगितली. त्याच्या आईचं कानाचं यंत्र नांदेडच्या एका दुकानात तयार होऊन पडलं होतं. ते घेऊन गावी जायचं आणि आपल्या हातानं तिच्या कानात बसवायचं. हे एक. दुसरं, तिच्या हातचं जेवून यायचं.

"यंत्र कुणीबी नेऊन दिलं असतं," तो म्हणाला. "आमच्या शेजारचा संघपाल हायच की तिथं. पण जेवायला तूच पाहिजेस, बुवा. मला सहा वर्षं झाली जाऊन. माझ्या जागी बस अन् पोटभर जेव."

बुवा हे त्याचं चेष्टेचं. विनिपेगच्या आमच्या मराठी मंडळात एकादशीला मी कीर्तन करतो. करतो म्हणजे काय, गावच्या सप्त्यात पुढं मांडी घालून बसून लहानपणी जे कानात साठलं ते चार माणसांपुढं मोकळं करतो. मला दुसऱ्या कशात तेवढा आनंद नाही. टाळ घुमायला लागले, चाल चढली, की बाहेर उणे तीस आहे हे ध्यानातच राहत नाही. अश्वजित बौद्ध आहे. तो हात जोडत नाही, प्रसाद घेतो आणि मागच्या खुर्चीवर बसतो. "तुझा इठ्ठल तुला, माझे बाबासाहेब मला," म्हणतो. "पण मृदंगावर थाप पडली की मला आपलं गाव ऐकू येतंय, त्याला मी काय करू?"

आमचं दोघांचं गाव एकच, जळकोटपासून सात-आठ किलोमीटरवर. त्याचे वडील केरबा आमच्या शेतात सालगडी होते. तरी गावात आम्ही दोघं एकमेकांशी कधी बोललो नव्हतो. तो विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर झाला, मी लातूरला शिकलो. ओळख झाली ती विनिपेगच्या किराणा दुकानात. मला जाऊन दोन महिने झाले होते. डाळींपुढं उभं राहून एक जण फोनवर सांगत होता, "इथली तूर लई वाईट हाय गं माय, तास झाला तरी शिजत न्हाई!"

माझ्या अंगावर काटा आला. मागून जाऊन विचारलं, "कोणतं गाव हो तुमचं?"

त्यानं गाव सांगितलं. आपल्याकडं यापुढचा प्रश्न ठरलेला असतो, कुणाचे तुम्ही? तो माझ्या ओठावर आला होता. त्यानंच हसून उत्तर देऊन टाकलं. "केरबाचा. तुमच्या शेतातल्या आखाड्यावरच्या. तुम्ही सुदर्शन, होय ना?"

त्याच हिवाळ्यात बर्फावरून घसरून माझा घोटा मोडला. ऋतुजाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, व्हिसा व्हायचा होता. ती लातूरला होती. अश्वजित आणि धम्मप्रियावहिनी मला दवाखान्यातून परस्पर त्यांच्या घरी घेऊन गेले. दोन महिने मी त्यांच्याकडं होतो. धपाटे, वरण-भाकरी, शेंगदाण्याची चटणी. वहिनी ताट माझ्या पलंगावर आणून द्यायच्या आणि उष्टं उचलून न्यायच्या. माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. त्या दोन महिन्यांत त्या घरात मटण तर राहोच, अंडंसुद्धा शिजलं नाही. मला कुणी बोललं नाही. कळलं ते त्यांच्या बुद्धप्रियामुळं. तेव्हा ती पाच वर्षांची होती. आईला हळूच विचारत होती, "काका बरे होऊन गेले की मग आम्लेट करशील ना?"

हे सगळं आधी सांगतो आहे, कारण पुढचं सांगायला जीभ वळत नाही.

चौदा वर्षं झाली मला देश सोडून. विनिपेगमध्ये मी भारतातला. मंडळात मराठवाड्यातला, तिथं पुण्याची माणसं माझ्या बोलण्याला हसतात, प्रेमानंच, पण हसतात. आणि गावात गेलो की कॅनडावाला. पारावर माणसं 'कवा आलास?' विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत 'परत कवा चाललास?' विचारतात. चुलत्यांनी घर राखलंय, शेत राखलंय, पण माझी ताटवाटीसुद्धा पाहुण्याच्या फळीवर असते. म्हणून यंदा सटवाजीकाकांचा फोन आला तेव्हा मी रडलो.

"दत्तजयंतीच्या सप्त्यात तुझं नाव लावलंय," काका म्हणाले. "दुसऱ्या दिशी, दुपारी दोन ते चार. वीणा तुझ्या गळ्यात."

सात दिवस आमच्याकडं वीणा जमिनीला टेकत नाही. दिवसरात्र एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. ज्याचा पहारा, तो नाम घेत उभा. पहारा बदलताना देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो आणि घेणारा देणाऱ्याच्या. वय बघायचं नाही, घर बघायचं नाही. आजोबांनी ती धरली, वडिलांनी धरली. देवळाच्या भिंतीवर लावलेल्या पहाऱ्याच्या कागदावर माझं नाव लागलं, म्हणजे मी गावाचा होतो. बाकी कुठला दाखला मला नको होता.

नांदेडला बहिणीकडं, सिंधुकडं, दोन दिवस राहिलो. दुकानातल्या मुलीनं यंत्र कसं लावायचं, कसं पुसायचं, सेल कसा बदलायचा ते मला तीनदा करून दाखवलं. तिसऱ्या दिवशी गाव. सप्ता सुरू झाला होता. कर्ण्यावरून नाव पुकारलं गेलं, "सप्त्यासाठी खास कॅनडाहून आलेले आपले सुदर्शनराव." मी पेंडॉलात सगळ्यांच्या पाया पडत फिरलो.

संध्याकाळी पाच-साडेपाचला काकांना म्हणालो, केरबाच्या घरी जायचंय.

"उद्या-परवा जा की."

"अश्वजितला शब्द दिलाय, काका. तिकडं सकाळ झाली की तो फोन करणार हाय."

काका मोटारसायकलवरून घेऊन आले. बुद्धनगरच्या तोंडाशी, लिंबाखाली, गाडी उभी केली आणि पाय टेकून तिथंच बसले. "मी हितंच हाय. यंत्र दे अन् ये."

अश्वजितच्या आईचं, सरजामायचं, घर चौथं. पुढं सारवलेलं अंगण, दारात रांगोळी नव्हती पण पाण्याचा ताजा सडा. आत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली अश्वजितचा पदवीच्या झग्यातला फोटो. सतरंजी अंथरलेली होती. सरजामाय सत्तरीच्या पुढची, किडकिडीत, पांढरं पातळ. ऐकू येत नसल्यानं मोठ्यानं बोलायची.

"आलास का लेकरा! ये, ये! असा समोर बस, तुझं तोंड बघू दे! माझा अशा म्हणतो, माय, सुदर्शन म्हंजे माझा भाऊच हाय इथं!"

मी वाकून पाया पडलो. ती लाजून मागं सरकली आणि मग तिनं माझ्या गालावरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "दोघं बी वाळलाव रे," म्हणाली. "त्या धम्मप्रियाला सांग, भाकरीवर तेल टाकत जा म्हणावं."

चुलीवर तवा होता. बाजूला ताट वाढून झाकून ठेवलेलं. झाकण तिनं उत्साहानं उचलून दाखवलं. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, तुरीचं घट्ट वरण, ठेचा, आणि मीठ कोपऱ्यात. "लसूण टाकला न्हाई बघ कशात. माळकरी हाईस, अशानं सांगितलंय मला!"

कानाकडं बोट दाखवून मोठ्यानं म्हणालो, "आधी कान, मग जेवण."

ती पोरीसारखी मान तिरकी करून बसली. मी तिचे केस कानामागं सारले. यंत्र बोटाएवढं. नळी कानात सरकवली, बारीक बटण दाबलं. ती डोळे मिटून होती. हळूहळू तिचा चेहरा उघडत गेला. चुलीत काटकी तडतडली तशी तिनं दचकून तिकडं पाहिलं आणि हसली. बाहेर कोंबडी कुरकुरली, त्यालाही हसली.

"बोल की काहीतरी," ती म्हणाली. इतक्या हळू आवाजात की मलाच नवल वाटलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाहेरून काकांची आरोळी आली.

"ए सुदर्शन! खातबित बसू नको रे तिथं! पाणी बी घेऊ नको! उद्या वीणा घ्यायचीय तुला!"

सात-आठ वर्षांनी त्या कानानं स्पष्ट ऐकलेलं माणसाचं पहिलं बोलणं ते.

तिनं दाराकडं पाहिलं. मग माझ्याकडं. हसू होतं तसंच राहिलं, फक्त त्यात आता कुणी नव्हतं.

"सटवाजी मालक हायती न्हवं?" ती म्हणाली. "आवाज तसाच हाय."

मायबाप, काका रस्त्यावर होते. त्यांना आतलं काही दिसत नव्हतं. मी जेवलो असतो तर जगात कुणी मला अडवलं नसतं. एक घास मोडायचा होता. ज्या हातानं दोन महिने तिच्या सुनेचं वाढलेलं खाल्लं तोच हात होता. पण मला तो भिंतीवरचा कागद दिसला. दुपारी दोन ते चार. काका विचारतील, जेवलास का. मला काकांशी खोटं बोलता येणार नाही, असं मला वाटलं. मग सरजामायशी बरं बोलता आलं.

"माय," मी म्हणालो, "आज उपास हाय माझा."

"कशाचा?"

"सप्त्याचा."

सत्तर वर्षं ती त्या गावात राहिली होती. सप्त्याचा असा काही उपास नसतो हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. ताटावर झाकण ठेवलं, ताट उचलून चुलीमागं नेऊन ठेवलं. मग फळीवरून पाण्याची बाटली काढली, पदरानं धूळ पुसली आणि माझ्यापुढं ठेवली. हातात दिली नाही, पुढं ठेवली.

"हे घ्या, मालक. दुकानातलं हाय. शील बी फोडलेलं न्हाई. मोजणीला, कशाला कुणी सायबलोक येतेत, त्यांच्यासाठी आणून ठिवत असते."

आल्यापासून ती मला लेकरा म्हणत होती.

आणि मी ती बाटली घेतली. घेतली नसती तर निदान तेवढं तरी माझ्या नावावर नसतं. झाकण फिरवताना कट्ट असा आवाज झाला. तोही तिला ऐकू आला असणार.

तेवढ्यात माझा फोन वाजला. अश्वजित. तिकडं सकाळचे साडेसहा, खिडकीबाहेर अंधार, गळ्यात मफलर, कामावर निघालेला. मी फोन सरजामायच्या हातात दिला.

"माय! ऐकू येतंय का?"

"अरे हळू बोल, कान फाटले की माझे!"

तो तिकडं इतका हसला की वहिनी पळत आल्या, बुद्धप्रिया डोळे चोळत आली. मायलेक एकमेकांना काही नाही ते बोलत राहिले. कोंबडीचा आवाज येतो का, चुलीचा येतो का, संघपालच्या पोराचं रडणं येतं का. मग त्यानं विचारलंच.

"बुवा जेवला का गं?"

मी भिंतीकडं बघत होतो. मला वाटलं, आता ती सांगेल. सांगू दे, असंही वाटलं.

"जेवला की," सरजामाय म्हणाली. "दोन भाकरी खाल्ल्या. वांगी लई आवडली त्याला."

"दोनच?"

"लाजतंय रे ते. माझ्यापुढं नवीन हाय न्हवं अजून."

बाहेर आलो तेव्हा काकांनी गाडीला किक मारली होती. "काही घेतलं न्हाईस ना?" त्यांनी विचारलं. मी "न्हाई" म्हणालो. तिच्या घरचं काही नाही, म्हणून ते खरं होतं.

त्या संध्याकाळचं कीर्तन मोठ्या महाराजांचं होतं. अशा कीर्तनासाठी मी हजारो मैलांवर झुरत असतो. पुढं बसायची जागा राखून ठेवलेली, पण मी खांबामागं बसलो. महाराजांनी काय सांगितलं, कोणती चाल लावली, मला सांगता येणार नाही. आयुष्यातलं ते पहिलं कीर्तन, जे मी ऐकलंच नाही. सगळा वेळ मला मंडळातलं माझंच कीर्तन ऐकू येत होतं. देवाला भेद नाही, जेवणाला जात नाही, नाम सगळ्यांचं एक, आणि मागच्या खुर्चीवर बसून मान डोलावणारा अश्वजित.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता वीणा माझ्या गळ्यात आली. दोन तास उभा राहिलो. ओठ हलत होते. कर्णा बुद्धनगरकडंही तोंड करून होता. आता तिला तो ऐकू येत असेल, माझा आवाजही येत असेल, हे मनात आलं आणि माझं नाम अडखळलं. चार वाजता पुढचा पहारा मडिवाळप्पांचा. ऐंशीचे, अर्ध्या तालुक्याचे आजोबा. त्यांनी वाकून माझ्या पायाला हात लावायला हात पुढं केले आणि मी पाय मागं घेतले.

"आरं, पाय का मागं घेतूस?" ते वाकल्या वाकल्याच म्हणाले. "तुझ्या पाया कोण पडतंय? वीण्याच्या पाया पडतो मी. उभा राहा नीट."

उभा राहिलो. लोकांना वाटलं, कॅनडात राहून रीत विसरला. दोघंतिघं हसलेही. मी त्यांना हसू दिलं.

पेंडॉलातून निघालो तो सरळ बुद्धनगरला गेलो. पायी, भर दिवसा, गावाच्या मधल्या रस्त्यानं. समितीच्या नागप्पानं "हिकडं कुठं रे?" विचारलं, तेव्हा म्हणालो, "सरजामायकडं. जेवायला." तो बघत राहिला. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की तिच्या अंगणात पोचेपर्यंत मला वाटत होतं आता सगळं धुऊन निघणार.

दार उघडं होतं. ती चुलीपुढं होती. तव्यावर भाकरी टम्म फुगलेली, परातीत दुसरीचा गोळा.

"माय, मी जेवायला आलो," मी म्हणालो.

तिनं भाकरी उलटली. यंत्र कानात होतं.

"आज काही केलं न्हाई, मालक," ती म्हणाली.

मी दारातच बसलो. म्हणालो, माय, चुकलं. म्हणालो, मी आज अश्वजितला फोन करून खरं सांगतो. तिनं तवा खाली घेतला, हात पुसले, आणि माझ्यासमोर, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, येऊन बसली.

"काय सांगणार?"

"जेवलो न्हाई म्हणून. का जेवलो न्हाई ते."

"अन् मग?"

उत्तरासाठी ती थांबली नाही.

"तुम्हाला हलकं वाटंल," ती म्हणाली. "अन् त्याला काय वाटंल? त्या बर्फात माझं एक लेकरू हाय. गावचं म्हणून त्याला तिथं एक माणूस हाय, ते तुम्ही. भाऊ म्हणतंय तुम्हाला. त्याच्या बापानं तुमच्या आडावर जन्मभर वंजळीनं पाणी प्यालं, ते ह्यानं डोळ्यांनी बघितलंय. तरी म्हणतंय. लई वर्षांनी त्याच्या मनातून निघालंय ते. तुम्ही परत घालता का त्यात?"

"पण मग मी रोज त्याच्या तोंडाकडं कसं बघू, माय?"

"ते तुमचं तुम्ही बघा." तिचा आवाज चढला नव्हता. रागही नव्हता. "त्यानं विचारलं तर जेवलो म्हणायचं. वांगी व्हती म्हणायचं. त्याला भाऊ पाहिजे, तर भाऊ व्हायचं. तुम्हाला सांगून मोकळं व्हायचं असंल तर इथं देवळात सांगा. त्याला न्हाई सांगायचं."

मग ती उठली आणि भाकरी थापायला बसली. तिनं जा म्हटलं नाही, बस म्हटलं नाही.

काल्याचं कीर्तन झालं, महाप्रसादाच्या पंगती उठल्या. निघताना काकांनी पाठीवर हात ठेवून सांगितलं, "पुढच्या साली पण तुझा पहारा पक्का. आता तू गावातलाच." चौदा वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य. मी "हाव" म्हणालो आणि गाडीत बसलो.

विनिपेगला विमान सकाळी आठला उतरलं. अश्वजित न्यायला आला होता. माझा जाडा कोट त्यानं आपल्या घरून आणला होता, गाडीत तापवून ठेवला होता. मिठी मारली ती सोडेचना.

"माझ्या आईच्या घरून आलास," म्हणाला. "तुझ्या अंगाला चुलीचा वास येतोय का बघतोय."

गाडी निघाली. दोन्हीकडं बर्फाचे ढीग. त्यानं विचारलं, "काय काय केलं होतं रे?"

"भाकरी. भरली वांगी. घट्ट वरण. ठेचा." ताट मला पाठ होतं.

"अन् चव? तीच का?"

मी काय बोलावं? फार छान म्हणालो असतो तर त्यानं अजून विचारलं असतं. नुसतं छान म्हणालो असतो तर पोकळ वाटलं असतं. खाल्लेल्या माणसाला काहीतरी खुपतं. तेवढं बोललं की खोटं खरं वाटतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप सुचलं.

"तीच," मी म्हणालो. "वांग्यात मीठ जरा कमी होतं, एवढंच."

सिग्नल सुटला तरी क्षणभर गाडी हलली नाही.

"म्हातारी झाली रे," तो म्हणाला. "तिचं मीठ कधी चुकत नव्हतं." मग स्वतःच हसला. "थांब, चिडवतो तिला. आता ऐकू येतंय तिला सगळं."

मी नको म्हणायच्या आत त्यानं फोन लावलाही होता. गाडीभर घंटी वाजली. तिकडं दिवेलागण उलटून गेली असणार. सरजामायनं लगेच उचलला.

"माय, बुवा पोचला बरं का! अन् तुझी तक्रार करायलाय. म्हणतो, वांग्यात मीठ कमी होतं!"

अश्वजितनं "ऐकू येतंय ना?" विचारलं.

"येतंय की," सरजामाय म्हणाली. "हाव रे बाबा. चुकलं माझं."